परत टाकलेली चिठ्ठी

कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत, एप्रिलच्या दुपारी, एका घराच्या खालच्या मजल्याला रंग द्यायचं काम चाललं होतं. भिंत खरवडून झाली होती, लांबी भरून झाली होती आणि रंगारी दाराशेजारच्या एका पट्ट्यापाशी येऊन थांबला होता. तिथं ऑइलपेंटनं ओढलेली एक आडवी रेघ होती, माणसाच्या कपाळाच्या उंचीला. तिच्याजवळ ‘२०१९’ लिहिलेलं. वीतभर वर दुसरी रेघ, ‘२०२१’. ‘‘मालक, ही ठेवायची का पुसायची?’’ घरमालक पायरीवर बसून होते. ‘‘पूस. भाड्यानं द्यायचंय. बघाय येणाऱ्यांच्या मनात उगंच कशाला भरवायचं?’’ मग थोडं थांबून, रंगाऱ्यापेक्षा स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, ‘‘शंभर वर्सांतनं एकदा येनारं पानी म्हनं ते. दोनदा येऊन गेलं. म्हंजे दोनशे वर्सांचा हिशेब फिटला की. आता आपल्या हयातीत काय येत नाही.’’ रंगाऱ्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि दोन हातांत रेघ गेली.

एवढाच प्रसंग. पण तो मनातून जाईना. माणूस खोटं बोलत असता तर सोपं होतं, भाडं मिळावं म्हणून थाप मारली असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो खोटं बोलत नव्हता. याच घरातून त्यानं घमेल्यांनी गाळ उपसला असणार, भिजून फुगलेली तांदळाची पोती उकिरड्यावर नेऊन टाकली असणार, ब्लीचिंग पावडरीचा वास पंधरा पंधरा दिवस नाकात बसला असणार. ज्याच्या घरात दोन वर्षांत दोनदा कपाळाएवढं पाणी आलं, तोच मनापासून म्हणत होता, आता येत नाही. त्याच्या बोलण्यात एक हिशेबही होता, आणि गणित येणाऱ्या माणसानंच त्याच्या हातात दिलेल्या वाक्यातून तो निघाला होता. शंभर वर्षांतून एकदा. हे वाक्य सरकारी नकाशातून वर्तमानपत्रात, तिथून चहाच्या टपरीवर आणि तिथून या पायरीवर आलं. वाटेत कुठंतरी त्यातला एक छोटा शब्द गळून पडला.

तो शब्द म्हणजे ‘सरासरी’.

नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर दोन रेषा असतात. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर, किंवा नदीपात्रात मावणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट पाणी, यांतलं जे जास्त त्याची हद्द निळी. सरासरी १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मधलं ते निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लालच्या मधलं नियंत्रित क्षेत्र. प्लॉट घेणाऱ्यांना हे शब्द पाठ असतात, कारण बांधकामाची परवानगी त्यांच्यावर अडते. पण परवानगीच्या कागदावरचा आकडा माणसाच्या मनात शिरताना रूप बदलतो. ‘सरासरी १०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा की कुठल्याही एका वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा शंभरात एक, पुढच्या वर्षीही शंभरात एक, आणि काल येऊन गेला असला तरी येत्या पावसाळ्यात परत शंभरात एकच. नदीला मागचं आठवत नाही.

आपल्याला मात्र आठवतं. आणि आपल्याकडं चिठ्ठ्यांची जी सगळ्यात ओळखीची व्यवस्था आहे, ती म्हणजे भिशी. वीस बायकांची भिशी असली की डब्यात वीस नावांच्या चिठ्ठ्या. पहिल्या महिन्यात ज्या काकूंचं नाव निघालं त्यांची चिठ्ठी डब्यातून बाहेर. त्यांना पुढं एकोणीस महिने नुसते पैसे भरायचे, नाव परत निघायचं नाही. ‘लागून गेली’ म्हणतात त्याला. एकदा लागून गेली की विषय संपला, आणि ज्यांची लागली नाही त्यांची शेवटच्या महिन्यात तरी लागणारच. भिशीत न्याय असतो. प्रत्येकाला एकदा, कुणालाच दोनदा नाही. घरमालकांनी पुराला भिशीत बसवलं होतं. शंभर चिठ्ठ्यांचा डबा, त्यात एक पुराची. २०१९ला निघाली, बाहेर टाकली. २०२१ला निघाली म्हणजे दुसऱ्या शंभर वर्षांच्या डब्यातली आधीच निघाली. दोन्ही डबे आता रिकामे.

पुराच्या डब्यात मात्र काढलेली चिठ्ठी बघून परत आत टाकतात, डबा हलवतात आणि पुढच्या जूनमध्ये नव्यानं हात घालतात.

चिठ्ठी परत टाकली की हिशेब कसा बदलतो ते साध्या गुणाकारानं कळतं. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. सलग तीस वर्षं न येण्याची म्हणजे ०.९९ तीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं ०.७४. म्हणजे लाल रेषेवरच्या घरात तीस वर्षं काढणाऱ्या कुटुंबानं निदान एकदा हे पाणी उंबऱ्याला बघण्याची शक्यता २६ टक्के. चारातलं एक कुटुंब. निळ्या रेषेवरच्या घराचं गणित आणखी बोचरं. तिथं दर वर्षी न येण्याची शक्यता ०.९६, आणि तीस वर्षांत निदान एकदा येण्याची ७० टक्क्यांच्या वर. वीस वर्षांचं गृहकर्ज धरलं, तर हप्ते फिटायच्या आत तिथं पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जरा वाईट. ‘पंचवीस वर्षांतनं एकदा’ ऐकताना कुणाच्या डोळ्यांपुढं नाणं उभं राहत नाही. एक लांबचं, गुळगुळीत अंतर उभं राहतं, पोरंबाळं मोठी झाल्यावरचं कधीतरी.

आणि शंभर वर्षांचंच घ्या. अशी पुष्कळ शतकं मांडली, तर शंभरातल्या ३७ शतकांत हा पूर एकदाही येणार नाही. ३७ शतकांत बरोबर एकदा येईल. उरलेल्या २६ शतकांत दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा. म्हणजे ‘शंभर वर्षांत एकदा’ हे वाक्य अक्षरशः खरं ठरण्याची शक्यता निम्मीसुद्धा नाही. दोन वर्षांत दोनदा पूर आला तेव्हा गावोगाव प्रश्न आला, शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांत कसा काय परत येतो, तुमचं शास्त्र खोटं. प्रश्न रागाचा होता आणि राग समजण्यासारखा होता. पण त्यातला अर्धा राग शास्त्रापेक्षा त्या वाक्यावर निघायला हवा होता. पूर त्याच्या चालीनं आला. वाक्य मात्र येणाऱ्या पाण्याची तारीख सांगितल्यासारखं ऐकू जात होतं.

शास्त्राच्या बाजूनंही एक कबुली देणं भाग आहे. हा शंभर वर्षांचा आकडा येतो कुठून? नदीवर एका ठिकाणी दर वर्षीचा सगळ्यात मोठा प्रवाह नोंदवतात. जेवढ्या वर्षांची नोंद तेवढे आकडे. ते उतरत्या क्रमानं लावायचे. नोंदीच्या वर्षांत एक मिळवायचा आणि क्रमांकानं भागायचं, की त्या पुराचा सरासरी फेरा मिळतो. नोंद ५० वर्षांची असेल, तर सगळ्यात मोठ्या पुराचा फेरा ५१ वर्षं, दुसऱ्या क्रमांकाचा साडेपंचवीस. मग १०० वर्षांचा पूर कुठं आहे? तो वहीत नसतो. वहीतल्या ठिपक्यांमधून एक वक्ररेषा काढतात, बऱ्याचदा गुंबेल या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीनं, आणि ती वहीच्या शेवटच्या पानापुढं ओढत नेतात. ती पेन्सिलीची रेघ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना चांगली रुंद शंकेची पट्टी असते, आणि नकाशावर येताना ती पट्टी गायब होऊन एकच ठसठशीत लाल रेषा उरते. शिवाय ही पद्धत धरून चालते की मागची पन्नास वर्षं आणि पुढची पन्नास वर्षं एकाच स्वभावाची असतील. घाटावरचा पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळायला लागला किंवा पूरमैदानात भराव पडून पाण्याची पसरायची जागा गेली, की जुन्या वहीतला फेरा नव्या नदीला लागू पडत नाही. यादीत २०१९ आणि २०२१चे आकडे घातले की वक्ररेषा स्वतःच वर उचलली जाते, आणि कालपर्यंत ज्याला शंभर वर्षांचा पूर म्हणत होतो तो आज त्याहून लहान फेऱ्याचा ठरतो. घरमालकांच्या डब्यात चिठ्ठ्या शंभर आहेत हेसुद्धा पक्कं नाही. कदाचित साठच असतील. कदाचित दर वर्षी दोन-चार कमी होत असतील.

हे सगळं खरं, पण गल्लीतलं कुणी गुंबेलच्या वाटेला जात नाही आणि जायचं कारणही नाही. गल्लीची स्वतःची मोजपट्टी आहे, आणि ती भिंतीवरची रेघ. २००५ला पाणी जिथवर आलं, त्या उंचीनं पुढची चौदा वर्षं कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठचं शहाणपण ठरवलं. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथं तेव्हा ती पन्नास फुटांच्या घरात होती. या गल्लीत ते पाणी उंबऱ्याखाली थांबून परत फिरलं होतं. म्हणून २०१९च्या ऑगस्टमध्ये निघा म्हणून सांगायला आलेल्या माणसांना किती घरांनी एकच उत्तर दिलं, पाचला इथपर्यंत आलं नव्हतं. धान्य पलंगावर ठेवलं, फ्रीज चार विटांवर चढवला, टीव्ही कपाटावर. सगळी तयारी २००५च्या रेघेपेक्षा हातभर वर. आणि पाणी साडेपंचावन्न फुटांच्या आसपास गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांच्या घरात पोचली, तिथली धोक्याची पातळी ४५ असताना. पलंग तरंगले. दोन वर्षांनी जुलैत राजारामवर छप्पन्नच्याही वर. रॉबर्ट केट्स या भूगोलाच्या अभ्यासकानं १९६२ साली अमेरिकेतल्या पूरमैदानांत राहणाऱ्या लोकांशी बोलून नोंदवलं होतं की माणसं त्यांच्या अनुभवाच्या कैदेत असतात. पाहिलेला सर्वांत मोठा पूर हाच होऊ शकणारा सर्वांत मोठा पूर, असं त्यांना वाटतं. लापशीसारखा गाळ, डिझेल, कुजलेला ऊस आणि मेलेल्या जनावरांचा तो वास ज्यानं घेतला, त्याला अनुभवापेक्षा टक्केवारीवर विश्वास ठेव म्हणणं अवघडच आहे. अनुभव अंगाला चिकटतो. टक्केवारीला वास नसतो.

मात्र अनुभवाची रेघ दोन्हीकडून फसवते. पूर ताजा असताना धोका फुगतो. आठवायला जे सोपं ते वारंवार घडणारं वाटतं, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये मांडलं. पुरानंतरच्या जूनमध्ये इशाऱ्याची पातळी गाठायच्या आतच निम्मी गल्ली पाहुण्यांकडं गेलेली असते. तीन पावसाळे कोरडे गेले की मेणकापडं अडगळीत जातात आणि विम्याचा हप्ता राहून जातो. नदीतली शक्यता तेवढीच, आठवणीची ओल तेवढी सुकलेली. विमा पुराच्या लगेच पुढच्या वर्षी घ्यावासा वाटतो आणि काही वर्षं सरली की नकोसा, हे पूरक्षेत्रांच्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडं २०२१च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली, तिच्यात पूर धरलेला आहे, आणि भाडेकरूला घराचा नको असेल तर फक्त सामानाचा विमा घेता येतो. ही माहिती पूरग्रस्त गल्लीतसुद्धा क्वचित कुणाला असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चिठ्ठी परत टाकली जाते हे एकदा कळलं की हप्ता दर वर्षी का भरायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

शब्दांचंही तसंच. पावसाळ्यात आपण सगळे एक वाक्य ऐकत असतो, ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.’ यातला प्रत्येक शब्द हवामान विभागानं मोजून ठेवला आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी फार तर २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढं, ‘अति मुसळधार’ ११५.६पासून, आणि २०४.४च्या वर गेलं की ‘अत्यंत मुसळधार’. पण ऐकणाऱ्यासाठी ‘तुरळक’ हा शब्द पावसाला चिकटतो, ठिकाणांना नाही. तुरळक पाऊस म्हणजे भुरभुर, असं समजून माणूस छत्री न घेता निघतो, तर त्या दिवशी गगनबावड्यात आभाळ फाटलेलं असतं. आणि ‘शक्यता’ हा शब्द तर आपण इतका वापरला की त्याची धारच गेली. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शंभरात दोनला म्हणतात आणि शंभरात ऐंशीलाही.

हा घोळ मराठीपुरता नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं. शर्मन केंट त्या चमूतले. एका अधिकाऱ्यानं विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट यांच्या मनात ६५ला ३५ असं प्रमाण होतं. त्यांनी बरोबरच्यांना विचारत फिरून पाहिलं, तर त्याच वाक्यावर सहमत झालेल्या माणसांच्या मनांतले आकडे २०पासून ८०पर्यंत पसरलेले निघाले. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं आणि प्रत्येकानं वेगळं वाचलं होतं. बरं, शब्द टाकून आकडा दिला तरी सुटका होतेच असं नाही. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच शहरांतल्या लोकांना विचारलं, ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ म्हणजे काय? कुणी म्हणालं, उद्या ३० टक्के वेळ पडेल. कुणी म्हणालं, ३० टक्के भागात पडेल. खरा अर्थ, उद्यासारखे शंभर दिवस घेतले तर त्यांतल्या तीस दिवशी पाऊस पडतो, हा बहुतेकांनी धरला तो एकट्या न्यूयॉर्कमध्ये. ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान या चारही ठिकाणी दुसराच अर्थ पुढं होता. टक्का कशाचा, हे सांगितल्याशिवाय टक्का अर्धवटच असतो. वेळेचा, जागेचा, दिवसांचा की वर्षांचा?

कोल्हापुरात तर आभाळ आणि नदी यांचं गणितच वेगळं चालतं. शहरात पाऊस उघडलेला, चार दिवसांनी ऊन पडलेलं, बायकांनी गच्चीवर कपडे वाळत घातलेले, आणि नदी चढतेच आहे. कारण पाणी शहरातल्या पावसाचं नसतंच. ते राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याच्या पश्चिमेकडून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांतून येतं आणि कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमावर एकत्र होतं. रेड अलर्ट घाटमाथ्यासाठी असतो, सुट्टी साऱ्या जिल्ह्याला मिळते, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरोळात कडकडीत ऊन असतं आणि अलर्ट खोटा ठरला असं लोक म्हणतात. दोन-तीन वेळा असं झालं की चौथ्या वेळचा लाल रंग फिका दिसतो. रंग ठरवताना होणारं नुकसान आणि घडण्याची शक्यता दोन्ही बघतात, त्यामुळं लाल-नारिंगीच्या मागं शक्यता किती आणि नुकसान किती, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की फोन खणखणायला लागतात, धरण सोडलं, धरण सोडलं. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर दहा हजारांच्या जवळ. पाणी थोडं नाही, पण मोठ्या पुरात धरणांच्या खाली पडलेल्या मोकळ्या पावसाचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. तरी भीती बसते ती दरवाजाची. दरवाजा कुणीतरी बनवलेला आहे, त्याला आवाज आहे, तो ‘उघडला’ जातो. ज्यामागं माणसाचा हात दिसतो आणि जे आपल्या हातात नाही, त्या धोक्याची भीती मोठी, हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांच्या अभ्यासातून पुढं आलं. उलट दुथडी भरलेल्या बंधाऱ्यावरून गुडघाभर पाण्यात मोटरसायकल घालताना हँडल आपल्या हातात असतं, म्हणून तो धोका वाटतच नाही. अंगावर येणाऱ्या पाण्यात वीतभर खोलीही माणसाचा तोल घालवते आणि दोन फूट पाणी मोटारगाडी उचलतं, हे माहीत असणारी माणसंसुद्धा ‘हळू घेतो’ म्हणत गाडी घालतात.

एवढ्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र कोल्हापुरात पोराटोरांना नेमकी कळते. राजारामची पातळी. पावसाळ्यात दिवसातून कित्येक वेळा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून निरोप येतो, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे आकडे भाजीवालीला, रिक्षावाल्याला, शाळेच्या शिपायाला पाठ असतात, आणि त्यावर चर्चा अगदी नेमकी चालते. सकाळी किती होतं, तासाला किती इंच वाढतंय, सुतारवाड्यात आलं का, जामदार क्लबपाशी आलं का. तिथं कुणी शक्यतेची व्याख्या विचारत नाही. कारण हा आकडा एका जागेला बांधलेला आहे, आणि प्रत्येकानं तो मनातल्या मनात त्याच्या ओळखीच्या जागांवर उतरवलेला आहे. टक्के आणि वर्षं सांगून जे पोचत नाही, ते फूट-इंचांत पोचतं.

म्हणून नदीकाठी घर घेणाऱ्यानं किंवा भाड्यानं राहायला जाणाऱ्यानं ‘इथं पाणी येतं का?’ असं विचारू नये असं मला वाटतं. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं, आणि बहुतेक वेळा ‘नाही’ हेच मिळतं. विचारायचं असं, की पायरीला पाणी लागतं तेव्हा राजारामला किती असतं. सांगलीत असाल तर आयर्विनला किती असतं. हा आकडा एकदा हातात आला की रोजच्या निरोपातून स्वतःचं अंतर काढता येतं. पायरी ४९ला, आत्ता ४४, वाढ तासाला दीड इंच, म्हणजे साठ इंचांना चाळीस तास. वाढीचा वेग सारखा राहत नाही, म्हणून त्यातला निम्माच वेळ हाताशी आहे असं धरायचं. वीस तासांत काय काय होतं? मेन स्विच बंद होतो. कागदपत्रांची पिशवी भरते. रेग्युलेटर काढून सिलिंडर साखळीनं खिडकीच्या गजाला बांधला जातो, कारण १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यात तरंगतो आणि वाहून जातो. फ्रीज विटांवर चढवून उपयोग नसतो, तोही तरंगतो आणि आडवा पडतो. तो वरच्या मजल्यावर न्यायला चार माणसं लागतात, आणि अशा दिवशी अख्ख्या गल्लीला तीच चार माणसं हवी असतात. जनावरं असतील तर ती सगळ्यात आधी निघायला हवीत. पाणी आल्यावर म्हैस अंधारात रस्त्यावर उतरत नाही आणि तिच्या दाव्यापायी माणूस मागं राहतो.

हा पायरीचा आकडाही दगा देतो, ते सांगायला हवं. चढत्या पाण्यात घेतलेली नोंद आणि उतरत्या पाण्यातली नोंद जुळत नाही. घराजवळ ओढा असेल तर नदीचं पाणी ओढ्यातून मागं शिरतं आणि मागच्या दारानं लवकर पोचतं. खालच्या अंगाला नवा भराव पडला, रस्ता उंच झाला, की जुन्या आकड्यापेक्षा कमी पातळीलाच पाणी पायरीशी येतं. म्हणून नोंद एकदा करून भागत नाही. २०२४च्या जुलैत नदी परत धोक्याच्या पातळीवर गेली, तेव्हा ज्यांनी गल्लीच्या तोंडाशी पाणी कुठल्या आकड्याला आलं ते पाहून ठेवलं, त्यांच्याकडं आता ताजी मोजपट्टी आहे. संगमाजवळच्या प्रयाग चिखली गावच्या लोकांना पुनर्वसनासाठी सोनतळीच्या माळावर जागा मिळाल्या, तरी नदीकाठची काळी शेती आणि जुनी घरं सोडवली नाहीत आणि माणसं परत परत पाण्यात अडकली, याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव दिवशी नदी त्यांना ऊस, वैरण, विहिरीचं पाणी देते. तो फायदा रोजचा आहे आणि धोका कधीतरीचा. त्यांना ‘शंभर वर्षांतून एकदा’ सांगण्यापेक्षा आकडा आणि तास सांगितले, तर निदान निघायची वेळ चुकणार नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते घर बघायला एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, एक लहान पोरगं आणि सासूबाई, मूळच्या शिरोळ तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या. भिंत आता फिकट पिवळी, स्वच्छ. नवीन डिस्टेंपरचा वास खोलीत कोंडलेला. नवऱ्यानं भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ विचारली. सासूबाई आत आल्याच नव्हत्या. त्या पायरीवर उभ्या राहून गल्लीच्या उताराकडं बघत होत्या.

‘‘दादा,’’ त्यांनी घरमालकांना हाक मारली, ‘‘ह्या पायरीला पानी लागतंय तवा राजारामला किती असतंय?’’

घरमालक गप्प झाले. त्यांची नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली, जिथं आता काही नव्हतं. मग ते म्हणाले, ‘‘सत्तेचाळीसच्या वर गल्लीच्या तोंडाला येतंय. एकोनपन्नासला हितं.’’

‘‘तोंडापासनं हितवर याय किती येळ?’’

‘‘एकोणीसला दुपारी तोंडाला हुतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना पायरीला.’’

‘‘आनी घरात किती चढलंतं?’’

त्यांनी हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. मग वीतभर वर नेला. ‘‘एकवीसला एवढं.’’

म्हातारीनं सुनेला सगळं मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं. लिहून झाल्यावर ती पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली आणि म्हणाली, ‘‘वरचा माळा दावा बघू. चौघं बसतील एवढा हाय काय?’’